धाकटीचा आवाज

३ मार्च

प्रिय धाकटे,

हे पत्र कागदावर लिहिते आहे, कारण बाकीच्या सगळ्या वाटा तू बंद केल्यास. फोन लागत नाही, मेल परत येतात. तुझ्या नव्या ऑफिसचा पत्ता वकिलांच्या यादीत सापडला. लिफाफ्यावरचं माझं अक्षर पाहून तू तो न फोडताच ठेवून दिलास, तरी माझी तक्रार नाही.

माझं ऑपरेशन होऊन सात आठवडे झाले. तुला कुणी कळवलं नसणार, आईला मीच बजावलं होतं. घशात गाठ होती, तिच्याबरोबर स्वरयंत्रही काढावं लागलं. गळ्याच्या पायथ्याशी आता एक लहानसं भोक आहे, त्यातून श्वास ये-जा करतो. आवाज राहिला नाही. गाठ मुळासकट गेली, असं डॉक्टरीणबाई म्हणतात, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून ते खरं वाटतं.

घर पाण्याखाली गेल्यासारखं झालं आहे. आई खोलीत येते, ओठ हलवते, उजेड पडद्यातून गाळून येतो आणि जमिनीवर हळूहळू सरकतो. मी तासभर नुसती त्याच्याकडे बघत बसते. पूर्वी मी असं कधी बसले नव्हते. आई म्हणाली, वकीलबाई गप्प बसल्या, आता सूर्य पश्चिमेला उगवायला हरकत नाही. मी हसले. हसण्याचाही आवाज येत नाही, नुसते खांदे हलतात.

स्वप्नात मात्र मला अजून आवाज आहे. रोज पहाटे कुठल्या तरी कोर्टात उभी असते. समोर न्यायाधीश नसतात, खिडक्या उघड्या असतात, आणि मी सारखी बोलत असते. काय बोलते ते जागं झाल्यावर आठवत नाही.

काम सोडलेलं नाही. निम्म्या तारखा हल्ली स्क्रीनवरच चालतात. मी टाइप करते आणि यंत्र ते बोलून दाखवतं. आवाज चांगला आहे. असे तयार आवाज मिळतात हल्ली, त्यात विशेष काही नाही.

आपल्या बाइंडरकाकांचा, दुकानाच्या खटल्यातला विलंबमाफीचा अर्ज अठ्ठावीस तारखेला लागला आहे. म्हटलं, तुला कळवावं.

ताई

१० मार्च

प्रिय धाकटे,

मागच्या पत्रात यंत्राच्या आवाजाबद्दल लिहिलं, ते तसं नाही. आज सकाळी जे झालं, त्यानंतर ते झाकून ठेवणं बरं वाटत नाही.

मी ऑफिसच्या खोलीत सराव करत होते. तुझं टेबल अजून तिथेच आहे, त्यावर जुन्या फायली ठेवल्या आहेत. मी चार ओळी टाइप केल्या आणि स्पीकर लावला. पलीकडच्या खोलीत आई कपड्यांच्या घड्या घालत होती. ती हातातला टॉवेल तसाच घेऊन दारात आली आणि म्हणाली, "आली का ती?"

मी मान हलवून नाही म्हटलं. तिने खोलीभर नजर फिरवली, दारामागेही पाहिलं. मग स्क्रीनकडे पाहिलं आणि आत गेली. टॉवेल माझ्या खुर्चीच्या पाठीवर टाकून गेली.

तो तुझा आवाज आहे.

ऑपरेशनच्या आधी हॉस्पिटलमधला आवाजाचा तंत्रज्ञ म्हणाला होता, तुमची जुनी स्वच्छ ध्वनिमुद्रणं आणा, त्यावरून तुमचाच आवाज बनवून देतो. निदान दोन-तीन तासांचं हवं. माझं असं काहीच नव्हतं. वर्षभर घसा बसलेला होता, आणि त्याआधी मी कशाला रेकॉर्ड करून ठेवते? आपल्या कायद्याच्या ब्लॉगचे लेख मी लिहायची आणि तू वाचायचीस. नोटीस आली तर काय करावं, भाड्याची पावती का जपावी, वकिलाला पहिल्या भेटीत काय विचारावं. त्रेचाळीस लेख. कपाटाचं दार उघडून, कपड्यांमध्ये तोंड घालून तू वाचायचीस, बाहेरचा गोंगाट येऊ नये म्हणून. तंत्रज्ञाला मी त्या त्रेचाळीस फायली दिल्या. त्याने विचारलं, हा आवाज तुमचाच ना? मी मान हलवली. बहिणींचे आवाज सारखे असतात, हे मी स्वतःला सांगितलं. फोनवर आपल्याला ओळखण्यात लोक नेहमी चुकायचे, आठवतं? एवढ्याशा आधारावर मी तुझा आवाज घेऊन आले.

विचारायला हवं होतं. पण विचारण्यासाठी आधी तुझ्याशी बोलावं लागलं असतं, आणि ते धाडस, आवाज होता तेव्हाही, माझ्या अंगात नव्हतं.

ताई

१७ मार्च

प्रिय धाकटे,

तुझं उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. पण लिहिल्यावाचून राहवत नाही.

आई आता रोज सकाळी चहाचा कप घेऊन ऑफिसच्या खोलीत येऊन बसते. म्हणते, तुझं चालू दे, मला काही अडचण नाही. मी कायद्याची कलमं बोलायला लावते आणि ती डोळे मिटून ऐकते. परवा म्हणाली, "तिला विचारायला सांग ना, 'आई, झोप लागली का?' म्हणून."

मी टाइप केलं. यंत्र बोललं. आई डोळे न उघडता म्हणाली, "लागते गं. मधे जाग येते, एवढंच." बाहेर धुकं होतं, समोरची इमारत दिसेनाशी झाली होती, नुसत्या दोन-चार खिडक्या हवेत तरंगत होत्या. मला क्षणभर खरंच वाटलं की तू तुझ्या टेबलाशी बसली आहेस आणि मान वर न करता बोलते आहेस.

हे गोड आहे आणि वाईटही आहे, हे मला कळतं. तू घर सोडलंस त्या दिवशी आईने तुला म्हटलं होतं, ताई म्हणते तर चुकलंच असेल तुझं. ते वाक्य ती अजून घेऊन फिरते आहे. तुझ्याशी बोलायचं राहिलं ते आता ती यंत्राशी बोलते.

आज अर्जाची तालीम केली. तुझ्या माहितीसाठी, अर्जात काय आहे ते सांगते. बाइंडरकाकांच्या दुकानाची खोली रिकामी करून द्यावी, हा खालच्या कोर्टाचा हुकूम. त्याविरुद्ध अपील करायची मुदत नऊ तारखेपर्यंत, आपण दाखल केलं एकोणीसला. दहा दिवस उशीर झाला, तो माफ करावा, एवढीच मागणी. चौदा महिने तो अर्ज तारखांवर तारखा खातो आहे. तात्पुरती स्थगिती आहे, म्हणून काका अजून खोलीत आहेत. चाळीस वर्षं त्या खोलीत त्यांनी पुस्तकं शिवली. उशीर का झाला हे सांगणारं प्रतिज्ञापत्र मी दिलेलं आहे. त्यातलंच वाक्य मी टाइप केलं.

तुझ्या आवाजात यंत्र म्हणालं, "ही चूक माझ्या कनिष्ठ सहकारिणीच्या निष्काळजीपणामुळे झाली."

किती स्वच्छ म्हणालीस. अगदी लेख वाचताना म्हणायचीस तसं, प्रत्येक अक्षर सुटं. आई कप खाली ठेवून उठली आणि निघून गेली. मी ते वाक्य पुन्हा लावलं नाही.

दुपारी आपल्या तारखांच्या ऑनलाइन डायरीतली बदलांची नोंद उघडली. ती फक्त खात्याच्या मालकिणीला दिसते. बाइंडरकाकांच्या अपिलाची तारीख तू नऊ लिहिली होतीस. ती एकोणीस केली माझ्या खात्यावरून, माझ्या फोनवरून, सकाळी अकरा चाळीसला. आज पाहिलं.

ताई

१८ मार्च

प्रिय धाकटे,

कालचं शेवटचं वाक्य खोटं आहे. पत्र पेटीत टाकून घरी येईपर्यंत ते माझ्या पायात घुटमळत होतं.

ती नोंद मी काल पहिल्यांदा पाहिलेली नाही. तू घर सोडून गेलीस, त्याच्या तिसऱ्या दिवशी पाहिली होती.

सगळं सांगते. त्या महिन्यात माझा घसा बसला होता. तुम्हा दोघींना मी सर्दी म्हणून सांगत होते, पण हॉस्पिटलात तपासणी ठरली होती, तीही नऊ तारखेलाच. डायरीत मी ती 'खासगी' म्हणून टाकली होती. हॉस्पिटलने फोन करून ती एकोणीसवर नेली. मी कोर्टाच्या बाकावर बसले होते, लक्ष सगळं घशाकडे होतं, आणि बोटाने जी नोंद उचलून एकोणीसवर ठेवली ती तपासणीची नव्हती. काकांच्या अपिलाची होती. तुला एकोणीस दिसली तेव्हा वाटलं असेल, ताईने मुदत पुन्हा मोजून बदलली. तुझा माझ्यावर इतका विश्वास होता.

मग तो दिवस आला. काकांच्या समोर मी म्हटलं, हिच्याकडून राहिलं. तू म्हणालीस, "मी नऊच लिहिली होती, ताई." मी म्हटलं, "मग काय तारखेला पाय फुटले?" तोपर्यंत मला खरंच वाटत होतं की तू चुकलीस. ही एवढी एक गोष्ट माझ्या बाजूने आहे, आणि ती फक्त तीन दिवस पुरते.

तिसऱ्या दिवशी मी नोंद पाहिली. पाचव्या दिवशी प्रतिज्ञापत्रावर सही केली. शपथेवर. मधले दोन दिवस मी काय केलं विचारशील तर काही नाही केलं. अशिलांना भेटले, जेवले, ब्लॉगवर एक लेख टाकला. विषय होता, शपथेवर खोटं सांगण्याचे परिणाम. तो वाचायला तू नव्हतीस म्हणून त्याला आवाज नाही.

भीती कशाची होती? गाठीची होती. वाटलं, घसा जाणार, कामही जाणार, निदान नाव तरी राहू दे. तुझं वय आहे, तू उभी राहशील पुन्हा. असा हिशेब मी तुझ्या जिवावर केला.

तुझं नाव घेतलं, मग तुझा आवाज घेतला. आणि त्याच आवाजात तुझ्याविरुद्ध बोलायला निघाले होते. क्षमा मागत नाही. काय करणार आहे ते सांगते: अठ्ठावीसला यंत्र लावणार नाही. नवं प्रतिज्ञापत्र लिहायला घेतलं आहे.

ताई

२९ मार्च

प्रिय धाकटे,

काल तारीख झाली. सविस्तर लिहिते, कारण तुझं नाव तिथे निघालं आणि तुला ते समजायला हवं.

आधी मी काकांकडे गेले. दुकानात खळीचा आणि ओल्या पुठ्ठ्याचा वास, वरच्या झरोक्यातून पडणाऱ्या उजेडात कागदाची धूळ तरंगत होती. मी लिहिलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी चष्मा बदलून शांतपणे वाचला. मी लिहून दाखवलं, खरं सांगितलं तर अर्जच फेटाळला जाऊ शकतो, तुमची खोली जाऊ शकते, तुम्ही दुसरा वकील करा, मी सगळी कागदपत्रं देते. ते दोरा ओवत राहिले. मग म्हणाले, "धाकट्या बाई कुठलीही तारीख दोनदा वाचायच्या. मी शिवता शिवता सगळे लेख ऐकलेत. त्यांच्याकडून तारीख चुकली, हे मला तेव्हाच पटलं नव्हतं. पण तुम्ही सांगितलंत, म्हणून गप्प बसलो." मग म्हणाले, "खरं सांगा. पुढचं पुढे."

सुनावणी स्क्रीनवर होती. पुकारा झाला, मी कॅमेरा लावला. कोर्टाचा कारकून म्हणाला, मॅडम, तुम्ही म्यूटवर आहात. मी लिहिलं, नाही. तो म्हणाला, आवाज येत नाही, म्यूट काढा. असं तीनदा झालं. शेवटी मी लिहिलं, "आवाज येणार नाही. मला बोलता येत नाही. लिहून सांगायची परवानगी द्यावी." न्यायाधीशबाईंनी परवानगी दिली, आणि मी लिहीन ते कारकुनाने मोठ्याने वाचावं असं सांगितलं.

तर माझा कबुलीजबाब त्या कारकुनाने वाचला, सर्दी झालेल्या आवाजात, अडखळत. विलंब माझ्यामुळे झाला. कनिष्ठ सहकारिणीची कोणतीही चूक नव्हती. हे मला माहीत असताना मी खोटं प्रतिज्ञापत्र केलं. 'कोणतीही' हा शब्द त्याने गाळला. मी पुन्हा लिहिला आणि त्याने पुन्हा वाचला.

इमारतीच्या मालकाच्या वकिलांनी अर्थातच तेच धरलं. जो अर्ज खोट्यावर उभा आहे, तो उभा राहूच कसा शकतो? मुद्दा चांगला होता. मीही हाच घेतला असता.

न्यायाधीशबाईंनी मला विचारलं, "याचे परिणाम आपल्याला माहीत आहेत ना?"

मी लिहिलं, हो.

त्यांनी विलंब माफ केला. वकिलाच्या खोटेपणाची शिक्षा पक्षकाराला देता येणार नाही, असं म्हणाल्या. अपील आता चालेल. माझं प्रकरण वकील परिषदेकडे पाठवलं आहे. सनदेचं काय होईल ते परिषद ठरवेल. आदेशात लिहिलंय की तुझ्याकडून कोणतीही चूक झाली नव्हती. त्याची प्रत सोबत जोडली आहे. ती तुझ्या ऑफिसात कुणाला दाखवायची असेल तर दाखव.

लॅपटॉप बंद केला तेव्हा दुपारचे साडेबारा वाजले होते. ऊन पांढरं झालं होतं. मी तशीच खुर्चीत झोपले, आणि कितीतरी दिवसांनी एकही स्वप्न पडलं नाही.

ताई

१४ एप्रिल

प्रिय धाकटे,

तुझी चिठ्ठी मिळाली. एवढी छोटी चिठ्ठी मी इतक्या वेळा कधी वाचली नव्हती. ती इथे उतरवते, म्हणजे मला ती बरोबर कळली की नाही ते तुला पाहता येईल.

"पत्रं मिळाली. ब्लॉगवरचे त्रेचाळीस लेख राहू देत, ते मी वाचलेले आहेत. यंत्रातला आवाज पुसून टाक, ते मी बोललेली नाही. बाइंडरकाकांचं अपील मी चालवणार आहे, त्यांच्याशी बोलले. ना-हरकत सही करून पाठव. आईला फोन मी करेन. तू मधे पडू नकोस."

वकील बदलण्याची ना-हरकत सोबत आहे. फाइल कुरियरने निघाली, अनुक्रमणिका नवी केली आहे.

आवाज पुसला. यंत्र तीनदा विचारतं, नक्की का? परत मिळणार नाही, नक्की का? पुसण्याआधी मी आईला बोलावलं, पाटीवर लिहून विचारलं, एकदा ऐकायचा आहे का? तिने बराच विचार केला. मग म्हणाली, "नको. ती बोलतच नव्हती, तर निरोप कुणाचा घ्यायचा?" आणि माझ्या हातावर हात ठेवला, तिसऱ्यांदा 'हो' आम्ही दोघींनी मिळून दाबलं.

तंत्रज्ञाला खरं कळवलं. तो रागावला, आणि ते रास्त आहे. आता माझ्यासाठी एक तयार आवाज निवडलाय, कुणाचाच नसलेला. बातम्या वाचणाऱ्या बाईसारखा आहे. आईला तो मुळीच आवडत नाही. म्हणते, दूध उतू गेलं हे सांगताना तरी जरा घाबरायला हवं.

तुझा फोन परवा दुपारी आला. मी गॅलरीत गेले आणि दार लावून घेतलं. पाऊण तास तिथे उभी होते, खालच्या रस्त्यावरची माणसं मुंग्यांसारखी ये-जा करत होती. आत काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही आणि आईने सांगितलं नाही. रात्रीच्या भाजीत मात्र मीठ दोनदा पडलं होतं.

ताई

२२ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

निकाल तुला माझ्या आधीच कळला असणार. काकांची खोली राहिली. ते स्वतः सांगायला आले होते, जिने चढून. मला त्यांनी एक कोरी वही बांधून आणली, म्हणाले, बोलायला उपयोगी पडेल. हे पत्र तिच्याच पानांवर आहे.

माझाही निकाल लागला. सनद एक वर्षासाठी स्थगित. परिषदेपुढे मी बचाव केला नाही. वर्षभर कोर्ट नाही, तर ब्लॉग लिहीन. परवा नवा लेख टाकला, वकिलाच्या हातून चूक झाली तर अशिलाने काय करावं. स्वतःचंच प्रकरण लिहिलं, नाव न लपवता. एका वाचकाने विचारलंय, याला आवाज का नाही? उत्तर अजून दिलेलं नाही. तू देणार असशील तर दे, नाहीतर ते तसंच राहू दे.

तुझा युक्तिवाद मी पाहिला. सुनावणीची लिंक सगळ्यांना खुली होती. मी कॅमेरा बंद ठेवून कोपऱ्यातल्या एका काळ्या चौकोनात बसले होते. तुला ते समजलं नसेल, किंवा समजलं असेल. आई शेजारी होती. तू बोलायला लागलीस तेव्हा मला जाणवलं की यंत्रातला तो आवाज फारसा तुझ्यासारखा नव्हताच. तुझा आवाज खाली आला आहे, भरला आहे. या दीड वर्षात तू जे काही सोसलंस ते त्यात आहे, आणि ते कुठल्याच फाइलमध्ये नव्हतं.

मधे न्यायाधीशबाईंनी विचारलं, भाडेकरार चालू असल्याची पावती कुठे आहे? तू पानं चाळायला लागलीस. एक, दोन, तीन पानं. मालकाचे वकील खुर्चीत मागे रेलले. आईने माझा दंड धरला. मला पान माहीत होतं, चौऱ्याऐंशी. समोर लिहायची चौकट उघडी होती, बोटं तिच्यावर होती, दोन आकडे टाइप करायला कितीसा वेळ लागतो.

तू क्षणभर थांबलीस, पाणी प्यायलीस, आणि म्हणालीस, "पान चौऱ्याऐंशी. चौऱ्याऐंशी, मॅडम."

मी हात मांडीवर घेतले. मला आवाज असता, तरी मी गप्पच राहिले असते.

ताई